फाटकात बिघाड, गाड्या खोळंबल्या : दिवा-कळवा-ठाण्याची मंडळी, इथे या

पावसाळी छत्री | सकाळी ८:४१

दिव्याच्या प्लॅटफॉर्मवर उभी आहे. स्लोचा पत्ता नाही, फास्टचं तर विचारूच नका. अनाउन्समेंट एकच: फाटकातील तांत्रिक बिघाडामुळे गाड्या उशिराने धावत आहेत, दिलगीर आहोत. दिलगिरी तेवढी वेळेवर येते, दर दोन मिनिटांनी.

पुलावर चढून बघितलं. एका बाजूचा दांडा टेम्पोने ठोकलाय. टोक वाकून वर आलंय आणि मधली लाल तबकडी एका बोल्टवर लोंबतेय. गेटमन आणि आणखी एक जण साखळी ओढून कुलूप घालायच्या खटपटीत आहेत, आणि त्यांच्या हाताखालून लोकांची ये-जा चालूच. एका बाईंनी तर गेटमनलाच "जरा वर धर रे भाऊ" म्हणून साखळी उचलायला लावली.

मला दोन गोष्टी कळत नाहीत. एक दांडा वाकला तर चारही लाइनी का बसतात? आणि दुसरं, ठाण्याहून ऐरोलीची गाडी वेळेत आहे का? आज लेट मार्क लागला की हाफ डे कापतात.

ऐरोलीचा टग्या | ८:४८

ट्रान्स हार्बर एकदम टायमात. आमच्या लाइनीला फाटकच नाही, तर बिघडणार काय? (दिवे घ्या, दिवेकरांनो.)

वैतागलेला कोपरकर | ८:५१

मी गाडीतच आहे, कोपर सोडलं आणि उभे. पंखे चालू आहेत हे नशीब. दाराशी उभे असलेले लोक खाली उतरून रुळांतून चालायला लागलेत. आधी त्या गेटमनला सस्पेंड करा. दिवसभर खुर्चीत बसायचं, एक दांडा सांभाळता येत नाही.

चहाबाज | ८:५३

+१. रोजचंच झालंय हे.

पावसाळी छत्री | ८:५५

कोपरकर, उतरू नका हो, आणि बाकीच्यांनाही सांगा. फास्टच्या लाइनीवर मधूनच एखादी गाडी सोडताहेत, आत्ताच एक हळूहळू गेली.

जुना सिग्नलवाला | ९:०२

सिग्नल खात्यात नोकरी झाली, आता निवृत्त आहे, म्हणून लिहितो.

दांडा तुटला म्हणून गाड्या थांबत नाहीत. फाटक लागल्याची खात्री होत नाही म्हणून थांबतात. हे फाटक इंटरलॉक केलेलं असतं. गेटमन चरखी फिरवून दांडे खाली घेतो, टोकं पलीकडच्या खुंटाच्या बेचक्यात बसतात, तिथे कुलूप पडतं आणि मगच किल्ली सुटते. ती किल्ली गुमटीतल्या (गेटमनच्या खोलीतल्या) पेटीत घालून फिरवल्याशिवाय फाटकाचा सिग्नल हिरवा होतच नाही. टोक वाकडं झालं की बेचक्यात बसत नाही. बसलं नाही तर किल्ली नाही, किल्ली नाही तर सिग्नल नाही. गेटमनने मनात आणलं तरी त्याला सिग्नल देता येणार नाही, यंत्रणाच तशी बांधली आहे. उलट बाजूनेही तेच. सिग्नल दिलाय आणि गाडी टप्प्यात आलीय, तर रस्त्यावरच्यांनी कितीही हॉर्न वाजवले तरी फाटक उघडत नाही.

ताई, तुमच्या चार लाइनींचं उत्तर यातच आहे. रस्ता एकच, तो सगळ्या लाइनी एका दमात ओलांडतो. म्हणून सगळ्या लाइनींचे सिग्नल त्याच फाटकाच्या कुलपाला बांधलेले.

आता जी गाडी हळूहळू गेली म्हणताय ती कशी गेली? फाटकाचा सिग्नल लाल असेल तर मोटरमन थांबतो. दिवसा एक मिनिट, रात्री दोन. शिट्टी देतो, मग अगदी सावकाश फाटकापर्यंत येतो. फाटक बंद आहे हे स्वतःच्या डोळ्यांनी बघतो, गेटमनने हिरवा झेंडा दाखवला की पुढे. हे प्रत्येक गाडीला, प्रत्येक वेळी. साखळी-कुलूप त्यासाठीच लावताहेत.

कोपरकर, सस्पेंड कुणाला करायचं ते यावरून तुम्हीच ठरवा.

हिशेबी | ९:०९

काकांच्या माहितीवर साधं गणित. गर्दीच्या वेळी एका लाइनीवर समजा चार मिनिटांनी एक गाडी येते. फाटकाशी थांबून-सरकून जायला तिला सहा मिनिटं लागली, तर प्रत्येक गाडीमागे दोन मिनिटं साचतात. दहावी गाडी वीस मिनिटं उशिरा. दांडा अर्ध्या तासात दुरुस्त झाला तरी मागची रांग दुपारपर्यंत सुटत नाही ती यामुळे. त्यात परतीच्या फेऱ्या त्याच रेकच्या (त्याच गाड्या उलट फिरतात), म्हणजे तिकडे मुंबईच्या टोकालाही बोंब.

वैतागलेला कोपरकर | ९:१३

बरं, गेटमनचं मागे घेतो. पण तोवर दुसरी सोय नको का? एक दांडा मोडला की सगळी रेल्वे उघड्यावर?

जुना सिग्नलवाला | ९:१८

सोय असते. बऱ्याच फाटकांवर सरकता दांडा बसवलेला असतो, आडवा ढकलून बंद करायचा. त्यालाही इंटरलॉक असतं. मुख्य दांडा मोडला की तो ओढायचा, त्याची किल्ली लागली की सिग्नल पुन्हा नेहमीसारखे. पण तो ओढायला रस्ता मोकळा लागतो! दांडा मोडणारा टेम्पो रुळांच्या तोंडाशी, मागे रिक्षा, रिक्षाच्या मागे पाण्याचा टँकर, आणि टँकर मागे घ्यायला कुणी तयार नाही. अशा वेळी सरकता दांडा सरकवणार कुठे? मी असताना अशा प्रसंगी सगळ्यात जास्त वेळ दुरुस्तीत जायचा नाही, गाड्या मागे हटवण्यात जायचा.

तीनचाकी | ९:२६

सगळा दोष रिक्षावाल्यांवर येणार हे माहीतच होतं. मी दिव्यातच रिक्षा चालवतो. आत्ता पण फाटकाजवळच उभा आहे, धंदा बंद.

फाटक बंद झालं की उघडतंय कधी ते देवाला ठाऊक. एक गाडी गेली की वाटतं आता उघडेल, तेवढ्यात समोरून दुसरी, मग फास्ट, मग कोकणची, मग मालगाडी. भर उन्हात इंजिन बंद करून बसायचं. पॅसेंजर उतरून चालत निघून जातो, भाडं बुडलं. मग फाटक उघडलं की जो तो घुसतो कारण पुन्हा किती वेळ बंद राहील सांगता येत नाही. दोन्ही बाजूंच्या गाड्या मध्ये रुळांवर समोरासमोर अडकतात, कोणी मागे सरत नाही. गेटमन ओरडत असतो, शिट्टी मारत असतो. दांडा खाली येताना पण टेम्पोवाले नाक घालतात. आजचा टेम्पो असाच घुसला. मी स्वतः बघितला. दांडा त्याच्या टपावर बसला, त्याने पुढे काढला, दांडा गेला.

घुसणं चूक आहे, मान्य. पण पूर्व-पश्चिम जायला दुसरा रस्ता दाखवा, मी उद्यापासून फाटकावर येणार नाही.

पावसाळी छत्री | ९:३०

तीनचाकी दादा, राग नको. तुमच्याच रिक्षाने मी कित्येकदा स्टेशनला आले असेन. शेवटचं वाक्य अगदी खरं आहे.

(गाडी आली. चढता आलं नाही. पुढची बघते.)

कायद्याची काडी | ९:३४

माहितीसाठी: रेल्वे कायदा १९८९, कलम १६०. रस्त्यासाठी बंद केलेलं फाटक कुणी उघडलं तर तीन वर्षांपर्यंत कैद, तोडलं तर पाच वर्षांपर्यंत. रूळ ओलांडणं कलम १४७, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा एक हजारापर्यंत दंड किंवा दोन्ही. टेम्पोवाल्याने पळ काढला असेल तर नंबर दिलेला बरा.

तीनचाकी | ९:३६

पळाला नाही. तिथेच उभा आहे. रेल्वे पोलीस आलेत. पोरगा विशी-बाविशीचा आहे, रडायला आलाय.

खारेगावकर | ९:४५

कळव्याच्या खारेगाव फाटकावर आमचंही अर्धं आयुष्य गेलं. तुम्ही लिहिताय तेच सगळं: रिक्षा, टँकर, दांड्याखालून बाइक आडवी करून काढणारे वीर. एकदा अॅम्ब्युलन्स अडकली होती, तिचा सायरन आणि समोरून येणाऱ्या गाडीची शिट्टी एकाच वेळी. तो आवाज अजून कानात आहे.

२०२२ च्या जानेवारीत वरचा पूल सुरू झाला आणि फाटक कायमचं बंद झालं. पुढच्याच महिन्यात ठाणे-दिवा पाचवी-सहावी लाइन सुरू झाली. त्यानंतर कळव्यात फाटकामुळे गाडी थांबली असं मी ऐकलेलं नाही. म्हणजे इलाज सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्या पुलासाठी किती वर्षं वाट बघितली ते विचारू नका. अर्धवट खांब बघत आमच्या आळीतली पोरं शाळेतून कॉलेजात गेली.

एक सांगतो, पूल झाला म्हणजे सगळं संपलं असं नाही. गाड्यांची सोय झाली, पायी जाणाऱ्याची नाही. म्हाताऱ्या माणसाने भाजीची पिशवी घेऊन तो चढ चढायचा? मग भिंतीला पडलेली भोकं शोधतात लोक. दिव्यात पूल होईल तेव्हा पादचाऱ्यांसाठी भुयारी वाट किंवा सरकता जिना मागून घ्या, नंतर कुणी देत नाही.

मोठागावची माई | ९:५८

आमचंही ऐका. डोंबिवली पश्चिमेला मोठागावचं फाटक, दिवा-वसई लाइनीवर. लोकल नाहीत म्हणून कुणाच्या खिजगणतीत नव्हतं. मेमू आणि मालगाड्या. पण मालगाडी म्हणजे डबे मोजता मोजता चहा संपतो. २०२४ मध्ये माणकोलीचा पूल सुरू झाला, ठाण्याला जायला झकास रस्ता मिळाला, आणि सगळ्या डोंबिवलीच्या गाड्या आमच्या फाटकावर आल्या. खाडीवर एवढा मोठा पूल झाला आणि त्याच्या तोंडाशी फाटक तसंच! नियोजन कुणाचं, देव जाणे.

ऐरोलीचा टग्या | १०:०४

मघाशी मस्करी केली, आता नीट लिहितो. ठाणे-वाशी लाइन २००४ ला सुरू झाली. नवी मुंबईतल्या लाइनी आखतानाच रस्ता वर किंवा खाली काढलाय, कारण शहर आणि रेल्वे एकत्र वसवली. खर्चात सिडकोचा वाटा ६७ टक्के, रेल्वेचा ३३. जो शहर वसवणार तोच रुळांसाठी पैसे देणार, त्यामुळे 'हे काम तुमचं की आमचं' हा वाद फारसा नव्हता. दिव्यात उलटं. रेल्वे १८५४ पासून, गाव तिच्या कडेने वाढलं आणि गेल्या पंधरा-वीस वर्षांत फुटलं.

अवांतर: कळवा-ऐरोली उन्नत मार्ग झाला तर छत्रीताईंना ठाण्याला उतरायचंही काम नाही. त्यातलं दिघा गाव स्टेशन २०२४ च्या जानेवारीत सुरू झालं. बाकीचा मार्ग अजून कागदावर आणि थोडा खांबांवर.

वैतागलेला कोपरकर | १०:१०

मग दिव्याचा पूल का होत नाही? कोण अडवतंय? सरळ नावं घ्या ना.

संपादक | १०:१४

वरच्या दोन प्रतिसादांतली राजकीय नावं काढली आहेत. विषय फाटकाचा आहे, तिकडेच ठेवा. पक्षांची भांडणं नेहमीच्या धाग्यावर.

जुना सिग्नलवाला | १०:२७

नावं न घेताही सांगता येईल. फाटकावरून दिवसात किती गाड्या आणि किती वाहनं जातात त्यांचा गुणाकार करतात, त्याला टीव्हीयू म्हणतात. तो एक लाखाच्या वर गेला की पूल निम्म्या-निम्म्या खर्चाने करायचा असा नियम आहे, निम्मा रेल्वेचा, निम्मा राज्याचा. दिव्यासारख्या ठिकाणी नुसत्या लोकल मोजल्या तरी लाख कधीच ओलांडतो, त्यामुळे पात्रतेचा प्रश्न नाही.

प्रश्न जमिनीचा. रुळांच्या वरचा तुकडा रेल्वे बांधते, कारण तिथे २५,००० व्होल्टची वायर आहे आणि ब्लॉक घेऊन, म्हणजे गाड्या थांबवून, गर्डर टाकायचे असतात. दोन्ही बाजूंचे उतार पालिकेकडे. रुळांवर रेल्वेशिवाय कुणाचं काही नसतं, ते काम पुढे सरकतं. उताराच्या जागेत मात्र घरं, चाळी, दुकानं. त्यांचं पुनर्वसन, मोजणी, हरकती, कोर्ट. मधला पूल उभा आणि दोन्ही बाजूंना उतारच नाहीत, असं चित्र या महाराष्ट्रात फक्त एकाच ठिकाणी आहे असं नाही.

तीनचाकी | १०:३३

त्या चाळींत माझा मेहुणा राहतो. पूल पाहिजे, त्याला पण पाहिजे. पण आधी खोली कुठे देणार ते लेखी द्या म्हणतो. चूक आहे का?

खारेगावकर | १०:३६

अजिबात नाही.

हिशेबी | १०:४१

पूल होईल तेव्हा होईल. तोवर सकाळी आठ ते अकरा आणि संध्याकाळी सहा ते नऊ फाटक वाहनांसाठी बंदच ठेवा, फक्त अॅम्ब्युलन्स आणि अग्निशमनासाठी उघडा. फाटक दर वेळी उघडलं की चारही लाइनींचे सिग्नल लाल होतात. बिघाड नसतानाही रोज मिनिटं जातात ती यातच. त्याची अनाउन्समेंट होत नाही एवढंच. एका लोकलमध्ये हजारो माणसं असतात, फाटकाशी फार तर शंभर वाहनं. तराजूत टाकून बघा.

तीनचाकी | १०:४४

तराजूत आमचं पोट पण टाका. आठ ते अकरा आणि सहा ते नऊ हाच आमचा धंदा आहे.

मोठागावची माई | १०:४८

आणि शाळेच्या बसेस? पोरांना सात वाजता नेऊन बसवायचं का? आजारी माणूस अॅम्ब्युलन्सनेच जातो असंही नाही, निम्मे रिक्षातूनच जातात.

जुना सिग्नलवाला | १०:५५

हिशेबींचं म्हणणं रेल्वेतही अनेकांना मनातून पटतं. वेळापत्रकाच्या बाजूने बघितलं तर बरोबरच आहे. पण फाटक फार वेळ बंद ठेवलं की लोक ते मोडतात, हाही अनुभव आहे. मध्यम मार्ग असा: उघडायच्या वेळा ठरवून घ्याव्यात, फाटकावर वाहतूक पोलीस उभा करावा आणि एका वेळी एकाच बाजूच्या गाड्या सोडाव्यात. समोरासमोर अडकणं थांबलं तर दांडा वेळेत खाली येईल. यासाठी जमीन लागत नाही, कोर्ट लागत नाही. दोन माणसं लागतात.

आणि कुणी तरी वर 'इंटरलॉक काढून टाका, गेटमन फोनवर सांगेल' असं लिहून मग खोडलेलं दिसतंय. बरं केलंत. ८ जुलै २०२५ ला तमिळनाडूत कडलूरजवळ शाळेची व्हॅन रेल्वेखाली आली, ते फाटक इंटरलॉक नव्हतं. भरवसा फोनवरच्या बोलण्याचा होता. त्यानंतर देशभर फाटकांवर सीसीटीव्ही बसवायचे आणि गेटमन-स्टेशन मास्तर यांच्या बोलण्याचं रेकॉर्डिंग तपासायचं असे आदेश निघाले. तुमच्या आजच्या लाल सिग्नलने काम चोख केलं. वेळ खाल्ला, माणूस नाही खाल्ला.

वैतागलेला कोपरकर | ११:०३

काका, पटलं. पण जून २०२५ ला मुंब्र्याच्या वळणावर दारातून माणसं पडली, तेव्हा सिग्नल हिरवेच होते ना? गाड्या उशिरा आल्या की पुढच्या गाडीत दुप्पट माणसं लोंबकळतात. लाल सिग्नलने फाटकावरचा जीव वाचला, तो पुढे दारात टांगला गेला. हाही हिशेब मांडा कुणी तरी.

हिशेबी | ११:०६

तो मला मांडता येत नाही.

चहाबाज | ११:०९

२ जानेवारी २०१५ आठवतं का कुणाला? दिव्यात लोक रुळांवर उतरले होते, दिवसभर काही चाललं नव्हतं, जाळपोळही झाली. त्यानंतर दीड-दोन वर्षांनी फास्ट गाड्या दिव्याला थांबायला लागल्या. आमच्या बिल्डिंगमध्ये अजून म्हणतात, तेव्हा भांडलो म्हणून मिळालं.

खारेगावकर | ११:१२

फास्टचा थांबा मिळाला, पण त्या दिवशी जे गाडीत अडकले त्यांना विचारा. माझी बहीण होती, लहान मूल कडेवर. आंदोलन करा, निवेदनं द्या, पालिकेच्या सभेला जाऊन बसा. रुळांवर नको.

पावसाळी छत्री | ११:४०

पोचले एकदाची. हाफ डे लागलाच. साहेबांना फोटो दाखवला वाकलेल्या दांड्याचा, म्हणाले, "दिव्यात राहताच कशाला?" भाडं सांगितल्यावर गप्प बसले.

सिग्नलवाले काका, एक मागणं आहे. ते वाहतूक पोलीस आणि एका वेळी एकाच बाजूच्या गाड्या सोडायचं तुम्ही नीट मुद्द्यांत लिहून द्याल का? आमच्या सोसायटीत दर रविवारी सह्या गोळा करायला माणसं तयार आहेत. तीनचाकी दादा, रिक्षा स्टँडच्या सह्याही लागतील, त्याशिवाय अर्थ नाही.

जुना सिग्नलवाला | ११:५२

रात्री लिहून टाकतो. भाषा सौम्य ठेवा, गेटमनची तक्रार त्यात नको.

तीनचाकी | दुपारी १२:२०

स्टँडवर बोलतो. चाळीतल्या लोकांच्या खोल्यांचा एक मुद्दा टाका, मग सह्या येतील. नाही तर कोणी हात लावणार नाही कागदाला.

पावसाळी छत्री | १२:२८

टाकते.

वैतागलेला कोपरकर | संध्याकाळी ६:३५

ताजी खबर: दांडा बदललाय. ठाण्याहून कल्याणकडे फास्ट दहा-बारा मिनिटं मागे, स्लो जवळजवळ वेळेत. कोपर-दिव्याच्या लोकांनी सरळ स्लो पकडा. सह्यांचा कागद कोपरलाही पाठवा, आमच्याकडून शंभरेक तरी होतील.